ओढ्यानं गिळलेला 'घेऊ'

श्वासावरोध हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला तो गुंजवण्याच्या ओढ्यापलीकडल्या एका वाडीत, आठ-दहा बायका आणि तीन शेळ्या यांच्यासमोर. शेळ्यांनी माझ्याकडं बघितलं. बायकांनी एकमेकींकडं बघितलं. मग उंबऱ्याशी बसलेल्या एका म्हातारीनं डोक्यावरचा पदर सारखा करत अगदी अदबीनं विचारलं, "बाई, हे गाव कुठल्या अंगाला आलं?"

आता लिहिताना मला हसू आवरत नाही, पण तेव्हा मी हसले नाही. आपलं हसं होतंय हे कळायची अक्कल त्या वयात मला नव्हती. हातातला कागद मी आणखी सरळ धरला आणि पुढचं वाचलं, "श्वासावरोध झाल्यास रुग्णास धूम्रयुक्त स्थानी ठेवू नये." म्हातारीनं मान डोलावली, म्हणून सगळ्या बायकांनी मान डोलावली. घरात चूल धूर ओकत होती. त्या धुरात भिंतीला टेकून पाच वर्षांची एक पोर बसली होती, खांदे कानापर्यंत ओढलेले, आणि तिच्या छातीतून मांजर घुरघुरावं तसा आवाज येत होता. ती म्हातारीची नात. तिच्यासाठीच मी भोरहून तिथं आले होते.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. भोरच्या दवाखान्यात मी नवी नर्स. पुण्याला शिकून आलेली, वय बावीस, लग्न व्हायचं राहिलेलं, आणि डोक्यात असं पक्कं बसलेलं की या दऱ्याखोऱ्यांतले लोक माझीच वाट बघत बसलेत. मनगटावर घड्याळ होतं आणि ते दिसावं म्हणून पोलक्याची बाही मी अंमळ वर ओढलेली असे. पायात टाचेचे बूट. ते बूट घालून मी भाताच्या बांधावरून चालले. एक बूट बांधातच राहिला. दवाखान्याचा म्हातारा शिपाई माझ्या सोबतीला असे, त्यानं तो उपसून काढला, गढूळ पाणी ओतून टाकलं आणि म्हणाला, "बाई, ह्यात दोन रोपं लावली तरी येतील."

मला वाडीवर पाठवण्याची कल्पना डॉक्टरांची. डॉक्टर कमी बोलत, आणि बोलले की समोरच्याला रात्रभर पुरेल एवढं बोलत. पावसाळा लागला की मावळाच्या अंगाची लहान मुलं धाप लागून दवाखान्यात येत. आधी डोली, मग बैलगाडी, मग नसरापुराहून सर्व्हिस मोटार मिळाली तर मिळाली. तेवढ्यात एक तर धाप ओसरलेली असे आणि पोर डॉक्टरांच्या टेबलावर बसून केळं खात असे, नाही तर सगळं हाताबाहेर गेलेलं असे. एकदा असंच एक मूल हाताबाहेर गेलं, तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, "बाई, हा आजार घरात येतो आणि घरातच त्याच्याशी भांडावं लागतं. इथं आणून आपण नुसती त्याची वरात काढतो. तुम्ही घरी जाऊन शिकवा."

काय शिकवणार ते लिहून आणा म्हणाले. मी दोन दिवस बसून अकरा नियम लिहिले. असे लिहिले की एखाद्या शास्त्र्यानं माझी पाठ थोपटावी. डॉक्टरांनी ते वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले आणि म्हणाले, "सुंदर. आता हे विसरा आणि जा." त्यातलं 'सुंदर' तेवढं मी ऐकलं.

तर त्या घराकडं वळते. घर भातशेती करणाऱ्यांचं, चार माणसांचं. म्हातारी, तिचा मुलगा, सून आणि ती नात. म्हातारीच्या शब्दाबाहेर घरातली चूलही पेटत नसे. कागद वाचून झाल्यावर बायका पांगल्या. दिवा लागायची वेळ झाली तशी म्हातारीनं शेगडीत निखारे घेतले, वर ओवा टाकला, वावडिंग टाकलं, लसणाच्या साली टाकल्या, नातीला शेगडीशी ओढलं आणि वरून घोंगडं पांघरलं. बाळंतिणीला आणि तान्ह्या मुलाला देतात ती धुरी. पोर मोठी झाली तरी छाती धरते म्हणून म्हातारीनं ती बंद केली नव्हती, उलट पावसाळ्यात दोन वेळा सुरू केली होती. घोंगड्याच्या आत पोर खोकायला लागली. खोकली की म्हातारी समाधानानं म्हणे, "सुटतंय, सुटतंय."

मी पुढं झाले, घोंगडं ओढलं आणि पोरीला उचललं. वाचणाऱ्याला वाटेल की काय तडफ होती बाईची. खरं सांगते, तो धूर मला सोसेना. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, घशात लसूण. जीव घेऊन मी बाहेर पळाले, आणि पोर हातात होती म्हणून तीही बाहेर आली. पडवीच्या टोकाला मी खोकत उभी राहिले. पाऊस नुकताच थांबला होता, हवा धुऊन निघाल्यासारखी होती. मला बोलता येण्याइतका वेळ गेला तेव्हा ध्यानात आलं की खांद्यावरच्या पोरीची घुरघुर निम्मी झाली आहे. शिपायानं पिशवीतून डॉक्टरांची पुडी काढून दिली, सुनेनं मध आणला, आणि थोड्या वेळानं पोरीनं माझ्या घड्याळाला हात लावून विचारलं, "ह्यात काय वाजतंय?"

मी लगेच ताठ झाले. म्हटलं, "बघितलंत आजी? धुरी बंद करायची."

म्हातारीनं मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "लगीन झालंय का तुमचं, बाई?"

"नाही."

"मंग लेकराचं तुमाला कुनी सांगितलं?"

"पुस्तकानं," मी म्हणाले. माझ्या तोंडून हे गेलंय, याची मला आजही लाज वाटते.

"बरं तर," म्हातारी म्हणाली, "पुस्तकाला धाप लागली की तुमाला बोलवू."

मुक्काम गुंजवण्यात पाटलांच्या घरी होता. ओढ्यापर्यंत सून आम्हाला सोडायला आली, आणि सासूच्या नजरेबाहेर गेल्यावर तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं. भाताची झोडणी उरकली की डाग देणारा एक म्हातारा दरसाल वाडीवर येतो. धाप लागणाऱ्या मुलाच्या पोटावर लालभडक सळईनं डागतो. सासूबाईंनी त्याला औंदासाठी सांगून ठेवलं आहे. सून हे सांगत होती आणि नकळत स्वतःच्या पोटावरून हात फिरवत होती. मग हळूच म्हणाली की सासूबाईंना एक लेक होती, याच वयाची, अशीच धापेनं गेली. लोक म्हणाले, डाग द्यायला उशीर झाला. तेव्हापासून उशीर या शब्दाला सासूबाई भितात.

माझ्या अकरा नियमांत याच्यावर काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कागद पाटलांकडं ठेवून वाडीवर गेले आणि म्हातारीच्या हातापाया पडले. पडवीत पोरीला आराम पडला हे तिनं बघितलं होतं, ते ती नाकारत नव्हती. शेवटी म्हणाली, "झोडनी हुईस्तवर तुमचं. धुरी बंद, तुमी सांगाल तसं. त्याच्याफुडं माजं." झोडणी म्हणजे दिवाळी होऊन गेल्यावर, मार्गशीर्षाच्या सुमाराला. भाताच्या पेंढ्या दगडावर आपटायच्या, आणि सगळ्या वाडीवर तुसाचा आणि धुळीचा ढग. धाप लागणाऱ्या पोरीला वर्षातले सगळ्यात वाईट दिवस ते. त्यातून ती बिनत्रासाची निघाली तर सळई परत जाणार होती.

एवढं कबूल करून घेतल्यावर शहाण्या माणसानं जपून पाऊल टाकलं असतं. मी भिंत पाडली.

म्हणजे असं झालं. घराला खिडकी नव्हती. मला पुण्याला शिकवलं होतं, हवा खेळती हवी. भाद्रपदातल्या फेरीत मी खडूचा तुकडा घेऊन घरात गेले, एका भिंतीवर चांगला चौकोन आखला आणि म्हातारीच्या मुलाला सांगितलं, इथं खिडकी पाडा. तो गरीब स्वभावाचा माणूस. त्यानं चौकोनाकडं बघितलं, आईकडं बघितलं, कान खाजवला आणि पहार आणली. अंधारात उजेडाचा एक तुकडा पडला तेव्हा मी एवढी खूश झाले की दुसऱ्या बाजूला काय आहे हे न बघताच भोरला निघाले.

दुसऱ्या बाजूला गोठा होता. मला कुणी सांगितलं नाही, कारण मी कुणाला विचारलं नाही. त्यांना वाटलं, शिकलेली बाई, गोठ्यातली हवाच पाहिजे असेल. दुसऱ्या दिवशी बैलानं खिडकीतून मुंडकं आत घालून टोपल्यातली भाकरी उचलली, इथपर्यंत विनोदच होता. पण पावसाळ्यात डासांसाठी गोठ्यात ओल्या पाल्याचा धूर करतात, तो सगळा घरात यायला लागला. पेंढ्याची धूळ वेगळीच. पोरीची धाप चार दिवस उतरली नाही.

पुढच्या फेरीत मी गेले तेव्हा चौकोन दगडमातीनं बुजवलेला होता, आणि बाजूच्या भिंतीपेक्षा ओल्या मातीचा रंग वेगळा असल्यामुळं माझी खिडकी लांबूनही ओळखू येत होती. पोर पडवीत घोंगड्यावर बसलेली. मनगटं काड्यांसारखी झालेली. म्हातारी रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "तुमची खिडकी बुजवली, बाई. झोडनीपत्तोर थांबते म्हनले व्हते, म्हनून थांबल्ये."

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या घरात खाली बसले. तोवर मी कायम उभी राहून शिकवत असे. बसल्यावर म्हटलं, "आजी, मला कळत नाही. तुमच्या घरातला धूर कुठनं जातो, ते तुम्हीच सांगा."

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की जणू एखादं हट्टी वासरू आपल्या पायानं गोठ्यात आलं. तिनं आढ्याकडं बोट केलं. मग तासभर ती मला घर दाखवत होती. वारा ओढ्याच्या अंगानं येतो, पावसाळ्यात कुठल्या बाजूनं आणि थंडीत कुठल्या, चुलीचा धूर कुठल्या वाशाशी साचतो, कुठली दोन कौलं सरकवली की निघून जातो. कौलं सरकवली. पोरीचं अंथरूण चुलीपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, पडवीच्या दाराशी आलं. खाली पेंढा होता तो काढला. घोंगडी धनगरांकडून आणलेली, वर्षानुवर्षांची, झटकली की तिच्यातून आणखी एक घोंगडी होईल एवढी धूळ निघे. ती पोरीपासून लांब ठेवायची, तिच्यासाठी धुतलेली गोधडी. हे मी अगदी खडसावून सांगितलं आणि निघाले, तर धो धो पाऊस आला. अर्ध्या वाटेतून मी ओलीचिंब परत फिरले, दातांवर दात वाजवत. म्हातारीनं न बोलता तीच घोंगडी माझ्या अंगावर टाकली. मीही न बोलता घेतली. तेवढ्या उबेत मला माझाच नियम फार अन्यायाचा वाटला.

आता त्या ओढ्याची गोष्ट.

आश्विनातली माझी फेरी झाली. मी सगळं सांगितलं. पुडी कधी, मध किती, संध्याकाळचं जेवण हलकं, झोडणीच्या दिवसांत पोरीला खळ्याकडं फिरकू द्यायचं नाही, आणि नखं निळी पडली तर कुणाची वाट न बघता डोलीत घालून भोरला आणायचं. मग निरोप घेऊन मी ओढा ओलांडला. पाणी मांडीपर्यंत होतं, शिपायाचा हात धरून कशीबशी पलीकडं पोचले, लुगडं पिळलं, आणि त्या क्षणी आठवलं की प्रत्यक्ष धाप लागल्यावर घरच्यांनी काय करायचं, हे मी सांगितलेलंच नाही. एवढ्या फेऱ्या झाल्या, धूर झाला, धूळ झाली, भिंत झाली, आणि मुख्य गोष्ट राहिली.

म्हातारी पलीकडच्या काठावर उभी होती. परत पाण्यात शिरायचं माझ्या जिवावर आलं. मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडले, "आजी, धाप लागली की बसवा. झोपवू नका. गर्दी करू नका. दम लागला की दम घेऊ द्या!"

ओढा दगडांवरून धाडधाड वाहत होता. म्हातारीनं कानाला हात लावला. मी पुन्हा ओरडले. तिनं हात वर केला, "व्हय, व्हय," अशी मान हलवली आणि गेली. कर्तव्य पार पडलं म्हणून मी समाधानानं चालू लागले.

त्यानंतर हिवतापानं मला असं धरलं की महिना-दीड महिना मी भोरच्या खोलीतून उठले नाही. क्विनिन पिऊन कान गुणगुणत, आणि त्या गुणगुणीत मला ती पोर ऐकू येई. डॉक्टरांना मी रोज विचारी, गुंजवण्याकडून कुणी आलं का? ते म्हणत, नाही. न येणं चांगलं की वाईट, हे त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही. दिवाळी झाली. अंगात जरा बळ आलं तशी मी शिपायाला घेऊन निघाले. बूट घरीच ठेवले, पायात वहाणा घातल्या.

वाडीच्या खाली पोचलो तेव्हाच खळ्यावरचा धुरळा दिसला. शेवटच्या पेंढ्या चालल्या होत्या. आणि घराच्या अंगणात एक अनोळखी म्हातारा उकिडवा बसला होता. त्याच्यासमोर निखारे होते आणि निखाऱ्यांत सळई.

मी धावले. ओट्यावर पोर बसली होती, उपड्या घातलेल्या टोपलीवर कोपरं टेकून, पुढं झुकून. धाप लागलेली होती. गळ्याखालची खळी दर श्वासाला आत ओढली जात होती. सून बाजूला मध-पुडीची वाटी घेऊन उभी होती, आणि पुडी दिलेली दिसत होती, कारण वाटी पुसलेली होती. गर्दी नव्हती. आणि पोरीच्या समोर म्हातारी बसली होती, एक बोट उगारून. तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता एवढा सावकाश होता.

"आलास?" ती म्हणत होती. "ये. बलावलं न्हवतं तरी आलास. आता हितं बस, ओट्याव, घरात पाय टाकायचा न्हाई. घाई करू नगंस. तुला कसली रं घाई? पानी पी. पिलास? मंग आता ऊठ. माजी नात तुला घालवती, बग. घालव गं त्येला."

पोरीच्या हातात चुलीची फुंकणी होती. तिनं ती ओठांना लावली, ओढ्याच्या दिशेनं धरली आणि फुंकली, जेमतेम. म्हातारी म्हणाली, "वड्यापत्तोर बी गेला न्हाई. आळशी हाय. पुन्यांदा." पोरीनं पुन्हा फुंकलं, थोडं लांब. "वड्याशी गेला. आता पलीकडं धाड." आणखी लांब. असं तो बिनबोलावलेला पाहुणा आधी ओढ्यापलीकडं गेला, मग गुंजवण्यात गेला, मग नसरापुराला जाऊन मोटारीत बसला. मी सवयीनं श्वास मोजायला घड्याळ बघितलं. आजारपणात त्याला किल्लीच दिली नव्हती. ते कधीचं बंद पडलेलं. तेवढ्यात पोरीचे खांदे खाली आले.

तिनं पाणी मागितलं तेव्हा मी विचारलं, "आजी, हे काय चाललंय?"

"आता गं बाई," म्हातारी म्हणाली. "तुमीच न्हाई का वड्यापलीकडनं वरडलात, दम लागला की दम द्या म्हनून?"

मी वळून ओढ्याकडं बघितलं.

"आदी मला वाटलं, बाईचं डोस्कं फिरलं. जीव कासावीस झालेल्या लेकराला दम द्यायचा? म्या दोन दीस इचार केला. मंग म्हनलं, बाई शिकलेली हाय, लेकराला दे म्हनली नसंल. धापंला दे म्हनली आसंल. तवापासून देते. आदी आमी समदी रडायचो, त्ये बगून पोरीला आनीक धाप लागायची. दम द्यायचा म्हनल्याव रडून कसं भागंल?"

अंगणातल्या म्हाताऱ्यानं सळई उलटी केली. "तयार हाय," तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता. उघड्या पोटावर त्याच्या स्वतःच्या लहानपणीचे चार डाग दिसत होते.

म्हातारीचा चेहरा बदलला. पाहुण्याला हाकलणारी ती बाई कुठं गेली कोण जाणे. ती सळईकडं बघत होती, आणि तिला दुसरीच एक पाच वर्षांची पोर दिसत होती, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ती म्हणाली, "झोडनी झाली, बाई. धाप कमी झाली, पर गेली न्हाई. म्या वाट बगितली आन् फुडं काय झालं तर?"

अकरा नियम हातात असते तर मी ते वाचून दाखवले असते. मी खाली बसले. म्हटलं, "आजी, ती धाप पुन्हा येणार. मोठी होईल तशी कमी होईल असं डॉक्टर म्हणतात, पण येणारच नाही असं मी सांगत नाही. डागानं ती जात नाही, एवढं मला ठाऊक आहे. तुमच्या लेकीला तुमच्यामुळं उशीर झाला नाही. तिला धुराबाहेर घ्यायचं हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

खळ्यावरचं आपटणं थांबलं होतं. त्या शांततेत पोरीनं फुंकणी उचलली, तिचं तोंड डाग देणाऱ्या म्हाताऱ्याकडं केलं आणि आजीच्या आवाजात, तितक्याच सावकाश म्हणाली, "आलास? हितंच बस. पानी पी. आन् जा."

आणि फुंकलं.

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं रडतेय. तिचे खांदे हलत होते. मग ती म्हणाली, "ऐकलं न्हवं? नातीनं दम दिला. आता म्या काय बोलू?"

त्यानं सळई पाण्याच्या घमेल्यात बुडवली. चर्र झालं. पाणी खरोखरच प्याला, सुनेनं दिलेला गूळही खाल्ला, आणि निघताना म्हातारीला बाजूला घेऊन विचारलं, त्ये फुंकनीचं कसं करायचं, घरी नातू हाय.

मी म्हातारीला खरं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, पण ती मला "शिकलेली बाई" म्हणाली होती आणि त्या खिडकीनंतर तसं म्हणवून घ्यायची मला फार भूक होती. भोरला आल्यावर डॉक्टरांना मात्र सगळं सांगितलं. डॉक्टर हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. म्हणाले, धुराबाहेर ठेवलं, बसवलं, पुडी दिली, हे मोठं काम. पण भ्यालेली छाती आणखी आवळते, आणि लांब फुंकर घातली की मोकळी व्हायला मदत होते. म्हातारीला हे पुस्तकाशिवाय सापडलं. मग मला म्हणाले, "बारावा नियम लिहा, बाई. आणि कुणाचा ते खाली लिहा." मी नियम लिहिला. खाली कुणाचा ते लिहिलं नाही.

त्याचं फळ मला कामथडी नावाच्या गावात मिळालं. तिथं एका घरी धाप लागलेल्या मुलासमोर बसून मी म्हातारीसारखं बोट उगारलं आणि पुण्याच्या आवाजात म्हटलं, "आलास?" पोरगं एवढं घाबरलं की त्याची समजूत घालायला शेजारची तीन घरं गोळा झाली. दम देणं ही कला आहे. ती शिकायला मला पुढची कित्येक वर्षं लागली, आणि तोवर मी घरातल्या एखाद्या म्हातारीलाच समोर बसवत असे.

पुढं भोरचं संस्थान गेलं, दवाखान्याची पाटी बदलली, माझं लग्न झालं, मुलं झाली. एक दिवस सकाळी नसरापुराच्या अंगाची एक पोरगी बाळंतपणाला आली, पहिलटकरीण. तिला झोपवून मी पोट तपासायला हात ठेवला. त्या खोऱ्यातल्या बायकांची पोटं मी खूप बघितली होती, आणि डाग नसलेलं पोट बघून माझा हात थांबला. एक व्रणही नाही, नव्या मडक्यासारखं. मी चेहऱ्याकडं बघितलं. ती माझ्या मनगटाकडं बघत होती.

"अजून वाजतंय का त्ये?" तिनं विचारलं.

आजी दोन वर्षांमागं गेली, असं तिनं कळांच्या मधे सांगितलं. धाप थंडीत कधीमधी येते, फुंकणी सासरी घेऊन गेलीय. तेवढ्यात मोठी कळ आली आणि ती धापा टाकायला लागली. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "घाई करू नकोस. दम घे."

तिनं दात आवळून माझ्याकडं बघितलं. "आजी म्हनायची, बाई वड्यापलीकडनं 'घेऊ द्या' म्हनल्या का नुसतं 'द्या', त्ये पान्याच्या आवाजात कळलं न्हाई. इचारलं तर बाईंना लाज वाटंल. म्हनून आमी दोनी केलं." मग कळ ओसरली तशी ती हसली. "आता येकदा ठरवून सांगा, बाई. घिऊ का दिऊ?"